चूक नेमकी कुठे? : गणिती रिचर्ड हॅमिंग

संगणक आता आपल्या घरात, शाळेत आणि दुकानात इतका रुळला आहे की तो सुरळीत चालू असेपर्यंत त्याचे कोणाला काही वाटत नाही. तो मध्येच बंद पडला म्हणजे मात्र सर्वांना त्याची आठवण होते. प्रवेशाचा अर्ज अर्धा भरून झालेला असतो, किंवा शाळेच्या कचेरीत गुणपत्रके तयार होत असतात आणि एकाएकी पडदा निळा होतो, न समजणाऱ्या चार ओळी उमटतात व यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. अशा वेळी कोणी विजेला दोष देतो, कोणी व्हायरसला. पुष्कळदा खरा दोष असतो संगणकाच्या स्मृतीत, म्हणजे ज्याला बाजारात रॅम म्हणतात त्या पट्टीत. आठ जीबीच्या साध्या पट्टीत सुमारे ६,८७० कोटी घरे असतात. प्रत्येक घरात शून्य किंवा एक यांपैकी एकच अंक राहतो आणि त्या एका अंकाला बिट म्हणतात. यांपैकी एखाद्याच घरात शून्याचा एक झाला आणि नेमके त्याच घरात यंत्राला द्यायच्या आज्ञेचा भाग असला, तर यंत्र भलतीच आज्ञा वाचते आणि कोसळते. ते घर हिशेबातले असले तर यंत्र कोसळत नाही. हिशेब तेवढा चुकतो आणि कोणाला पत्ताही लागत नाही. माझ्या मते हे दुसरे संकट पहिल्यापेक्षा मोठे आहे.

या संकटावरचा उपाय आज जगातील मोठमोठ्या संगणकांत बसविलेला आहे. तो ज्याने शोधला त्या माणसाचे चरित्र आपल्या विद्यार्थ्यांना आणि पालकांना माहीत व्हावे म्हणून हा लेख. त्याचे नाव रिचर्ड वेस्ली हॅमिंग.

हॅमिंग यांचा जन्म अमेरिकेतील शिकागो शहरी ११ फेब्रुवारी १९१५ रोजी झाला. वडील मूळचे हॉलंडचे. शिक्षण शिकागोतीलच क्रेन टेक्निकल हायस्कूल आणि क्रेन ज्युनियर कॉलेज येथे झाले. मुलाच्या मनात इंजिनियर व्हायचे होते. परंतु १९२९ नंतर अमेरिकेत जी भीषण मंदी आली तिच्यात असंख्य घरांतील उत्पन्न आटले. हॅमिंग यांना शिष्यवृत्ती देऊ केली ती एकट्या शिकागो विद्यापीठाने, आणि त्या विद्यापीठात इंजिनियरिंगचा विभागच नव्हता! तेव्हा नाइलाजाने ते शास्त्र शाखेकडे वळले आणि गणित घेऊन १९३७ साली पदवीधर झाले. पुढे आयुष्यभर ते सांगत असत की हे झाले ते बरे झाले. इंजिनियर झालो असतो तर कुठेतरी गटारांच्या झाकणांखाली उतरून कामे करीत बसलो असतो, संशोधनाचा आनंद वाट्याला आला नसता. आपल्याकडे मुलाला इंजिनियरिंगला प्रवेश मिळाला नाही म्हणजे घरात मातम पसरतो. त्या पालकांनी ही हकीकत एकदा मुलांना वाचून दाखवावी.

१९३९ मध्ये नेब्रास्का विद्यापीठाची एम. ए. आणि १९४२ मध्ये इलिनॉय विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी मिळविली. प्रबंधाचा विषय शुद्ध गणितातला, विकलक समीकरणांसंबंधीचा होता. यंत्रांशी त्याचा काही संबंध नव्हता. इलिनॉयला असताना मात्र त्यांच्या वाचनात जॉर्ज बूल या इंग्रज गणितीचे विचारांच्या नियमांवरील पुस्तक आले. होय-नाही, खरे-खोटे यांचे गणित मांडणारे हे पुस्तक त्यांना फार आवडले. पुढे याच गणिताशी त्यांची गाठ पडायची होती. डॉक्टरेट मिळाली त्याच वर्षी सप्टेंबरात वँडा लिटल या तरुणीशी त्यांचा विवाह झाला. या दांपत्याला मूलबाळ झाले नाही, परंतु त्यांची साथ पंचावन्न वर्षे टिकली.

काही काळ शिकवण्याचे काम केल्यावर एप्रिल १९४५ मध्ये हॅमिंग न्यू मेक्सिको राज्यातील लॉस अ‍ॅलामोस येथे दाखल झाले. दुसऱ्या महायुद्धाचे ते अखेरचे महिने. डोंगरमाथ्यावरच्या या गुप्त वसाहतीत अणुबाँब तयार होत होता. पदार्थवैज्ञानिक समीकरणे मांडीत आणि आयबीएमच्या हिशेबयंत्रांवर ती सोडवून घेण्याची व्यवस्था हॅमिंग पाहत. वँडाही काही दिवसांनी तेथे आल्या आणि हाताने आकडेमोड करणाऱ्यांत रुजू झाल्या. मोठे शास्त्रज्ञ विचार करणार आणि आपण यंत्रे चालती ठेवणार, असे आपल्या कामाचे स्वरूप असल्याची जाणीव हॅमिंग यांना होती. त्यात ते कमीपणा मानीत नसत. उलट त्या माणसांना आणि आपल्याला वेगळे करणारी गोष्ट कोणती, याचा विचार ते तेव्हापासून करू लागले.

तेथील एक प्रसंग त्यांनी पुढे अनेकदा सांगितला आहे. पहिल्या चाचणी स्फोटाच्या थोडे दिवस आधी एक सहकारी काही आकडेमोड घेऊन आला आणि ती तपासून देण्याची विनंती करून जाऊ लागला. हे काम हाताखालच्या माणसाकडे सोपवावे असा विचार करून हॅमिंग यांनी सहज विचारले की हा हिशेब आहे तरी कसला. उत्तर मिळाले की चाचणीच्या बाँबने पृथ्वीचे सारे वातावरण पेट घेईल काय, याचा. तेव्हा मात्र त्यांनी तो कागद दुसऱ्या कोणाकडे दिला नाही, स्वतः बसून तपासला. दुसऱ्या दिवशी त्यांनी कळविले की गुणाकार-भागाकार बरोबर आहेत, परंतु प्राणवायू आणि नत्रवायूबद्दलची जी सूत्रे गृहीत धरली आहेत त्यांची शाश्वती आपण देऊ शकत नाही, कारण इतक्या प्रचंड ऊर्जेवर तसे प्रयोगच झालेले नाहीत. त्या सहकाऱ्याने त्यांना आठवण दिली की आकडेमोड तपासायला सांगितली होती, पदार्थविज्ञान नव्हे. हॅमिंग सुन्न झाले. आपण पृथ्वीवरील सर्व जीवमात्राच्या भवितव्यावर सही केली की काय, असे त्यांना वाटले. १६ जुलै १९४५ रोजी चाचणी झाली, वातावरण पेटले नाही. आणि तीन आठवड्यांनी हिरोशिमा आणि नागासाकी येथे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. हिशेबातली चूक म्हणजे वहीवरचा लाल काट नव्हे, हे ज्याला तिशीतच कळले तो माणूस पुढे चुकांच्या मागे का लागला, हे या प्रसंगावरून थोडेफार समजते.

१९४६ मध्ये त्यांनी लॉस अ‍ॅलामोस सोडले व न्यू जर्सीतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेत नोकरी धरली. त्या प्रवासासाठी त्यांनी एक जुनी मोटार विकत घेतली. ती होती क्लाउस फुक्स या सहकाऱ्याची. काही वर्षांनी हॅमिंग यांनी ती विकून टाकली आणि अवघ्या काही आठवड्यांत फुक्स हा रशियाचा हेर असल्याचे उघडकीस आले! मोटार नेमकी याच सुमारास का विकली, म्हणून अमेरिकेच्या गुप्तचर खात्याने हॅमिंग यांची उलटतपासणी घेतली. बिचाऱ्यांचा गुन्हा एवढाच की मोटार जुनी झाली होती.

बेल प्रयोगशाळेत त्या काळी बुद्धिमान तरुणांचा मेळाच जमला होता. माहितीशास्त्राचा जनक म्हणून गाजलेला क्लॉड शॅनन आणि हॅमिंग हे तर काही काळ एकाच खोलीत बसत. आता आपल्या मूळ विषयाकडे येऊ.

त्या वेळी प्रयोगशाळेत मॉडेल पाच नावाचे संगणकयंत्र होते. आजच्यासारखी सिलिकॉनची चकती त्यात नव्हती. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्या काळी असत तसले रिले, म्हणजे विजेने उघडझाप करणाऱ्या चाप्या, सुमारे ९,००० च्या संख्येने त्यात बसविल्या होत्या. त्यांच्या खटखटीतून बेरजा-वजाबाक्या होत. एखाद्या चापीत धुळीचा कण अडकला की ती नीट मिटत नसे आणि आकडा चुके. यंत्र बांधणाऱ्यांनी याचा विचार केलेला होता. एक आकडा दाखवण्यासाठी अनेक रिले असत आणि त्यांपैकी नेमके दोनच चालू असले पाहिजेत असा नियम होता. एकच चालू राहिला किंवा तीन झाले, की चूक झाल्याचे यंत्राला समजे व ते थांबे. दिवसपाळीत दिवे लुकलुकत, घंटा वाजे, कामगार धावत येऊन बिघाड काढीत आणि काम पुढे चाले.

हॅमिंग नवखे. त्यांच्या वाट्याला यंत्र येई ते शनिवार-रविवारी, आणि त्या दिवशी तेथे कामगार कोणी नसे. शुक्रवारी ते आपले गणित छिद्रांच्या कागदी पट्टीवर लावून जात. सुटीत यंत्राला चूक सापडली तर ते तो हिशेब अर्धवट टाकून रांगेतल्या पुढच्या हिशेबाला हात घाली. एका सोमवारी हॅमिंग येऊन पाहतात तो सारे काम वाया गेलेले. पुढच्या सोमवारी पुन्हा तीच गत! ज्यांना उत्तरे द्यायची त्यांनी तगादा लावलेला. सामान्य माणूस चिडला असता आणि पट्टी पुन्हा लावून घरी गेला असता. हॅमिंगही चिडले, परंतु त्या चिडण्यातून त्यांच्या मनात एक प्रश्न आला. चूक झाली आहे एवढे जर यंत्राला कळते, तर ती कुठे झाली आहे हे त्याला का कळू नये? आणि शून्य-एकच्या व्यवहारात कुठे हे कळले की काम संपलेच. तेथे शून्य असेल तर तो एक हवा होता, एक असेल तर शून्य हवा होता. तिसरी शक्यताच नाही.

येथे शिक्षक या नात्याने एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. उत्तरपत्रिकेवर नुसती फुली मारून वही परत दिली तर मुलाला एवढेच कळते की आपले चुकले. कोणत्या पायरीवर चुकले ते अधोरेखित केले तर दहातली आठ मुले स्वतःच दुरुस्ती करतात. फुली मारायला क्षण पुरतो. पायरी शोधायला वेळ द्यावा लागतो. हॅमिंग यांच्यापुढेही हाच सवाल होता की जागा सांगण्यासाठी किती जादा खर्च पडेल.

चूक ओळखण्याची सोपी युक्ती आधीपासून माहीत होती. शून्य आणि एक यांच्या ओळीत जेवढे एक आहेत त्यांची संख्या सम व्हावी अशा बेताने शेवटी आणखी एक अंक जोडायचा. पुढे कधी मोजताना संख्या विषम आली की समजावे, कुठेतरी एक अंक पालटला. याला पॅरिटी तपासणी म्हणतात. परंतु हा पहारेकरी चोर आल्याचे ओरडून सांगतो, कोणत्या खोलीत आला ते त्याला ठाऊक नसते. प्रत्येक अंक तीनदा लिहावा आणि दोघांचे जे म्हणणे ते खरे मानावे, हाही एक मार्ग. पण त्यात स्मृती तिप्पट लागते. हॅमिंग यांनी प्रथम अंक चौकोनात मांडून पाहिले. चार ओळी, चार रकाने, असे सोळा अंक. प्रत्येक ओळीला एक आणि प्रत्येक रकान्याला एक तपासनीस. अंक पालटला की एक ओळ आणि एक रकाना तक्रार करतात आणि दोघांची जेथे गाठ पडते तेथे चूक. युक्ती उत्तम, पण सोळांवर आठ तपासनीस नेमावे लागतात. हॅमिंग यांचे समाधान होईना. अखेर त्यांनी जी रचना काढली तिच्यात सोळा अंकांना पाचच तपासनीस पुरतात.

ती रचना लहान आकाराची घेऊन विद्यार्थ्यांनी कागद-पेन्सिलीने अवश्य करून पाहावी. सात जागा घ्या. त्यांपैकी १, २ आणि ४ या जागा तपासनिसांच्या. ३, ५, ६ आणि ७ या आपल्या माहितीच्या. आता ३ म्हणजे १ अधिक २. ५ म्हणजे १ अधिक ४. ६ म्हणजे २ अधिक ४. आणि ७ म्हणजे तिन्हींची बेरीज. ज्या जागेच्या बेरजेत जो तपासनीस येतो, त्याने त्या जागेवर नजर ठेवायची. म्हणजे पहिला तपासनीस १, ३, ५, ७ या जागा पाहील. दुसरा २, ३, ६, ७. आणि चौथ्या जागेवरचा ४, ५, ६, ७. प्रत्येकाने आपल्या चार जागांतील एकांची संख्या सम राखायची.

समजा, माहिती १०११ अशी आहे. ती क्रमाने ३, ५, ६, ७ या जागी ठेवली. पहिल्या तपासनिसाच्या ताब्यात ३, ५, ७ वर १, ०, १ आहेत, म्हणजे दोन एक. संख्या सम आहे, तेव्हा तो स्वतः ० होईल. दुसऱ्याच्या ताब्यात १, १, १. म्हणून तो १ होईल. चौथ्या जागेवरच्याकडे ०, १, १. तो ० होईल. पूर्ण ओळ झाली ०११००११. आता वाटेत सहाव्या जागेवरचा अंक पालटला आणि ०११०००१ अशी ओळ हाती आली असे धरा. पहिला तपासनीस म्हणतो, माझे ठीक आहे. दुसऱ्याकडे तीन एक आहेत, त्याची तक्रार. चौथ्या जागेवरच्याकडे एकच एक आहे, त्याचीही तक्रार. तक्रार करणाऱ्यांचे क्रमांक मिळवा : २ अधिक ४ म्हणजे ६. सहावी जागा चुकली! आणि एखादा तपासनीसच बिघडला तर? तर तो एकटाच तक्रार करतो आणि बेरजेत त्याचाच क्रमांक येतो. गुन्हेगार पोलीसच असला तरी तो सापडतो. मला तरी शाळेच्या गणितात याहून सुंदर काही दाखविता येत नाही.

दोन ओळींत किती जागी फरक आहे या संख्येला आज हॅमिंग अंतर म्हणतात. बोलायला साधी वाटणारी ही कल्पना फार मोलाची ठरली. परीक्षेचे बैठक क्रमांक ४५१२ आणि ४५१८ असे लागोपाठ वापरात असतील तर एक आकडा चुकताच दुसऱ्याच मुलाचा निकाल हाती येतो. वापरात असलेल्या क्रमांकांत पुरेसे अंतर ठेवले तर चुकलेला क्रमांक कोणाचाच नसतो आणि त्याला सर्वांत जवळचा कोण, हे सांगता येते. या एका विचारावर पुढे मोठे शास्त्र उभे राहिले.

हा शोध प्रसिद्ध व्हायला मात्र वेळ लागला. बेल कंपनीला त्याचे पेटंट हवे होते. नुसत्या गणिती सूत्रांचे पेटंट मिळेल यावर हॅमिंग यांचा विश्वास नव्हता, पण बर्नार्ड होलब्रुक या सहकाऱ्यासमवेत अर्ज झाला आणि १९५१ मध्ये ते मिळालेही. दरम्यान शॅनन यांनी १९४८ च्या आपल्या गाजलेल्या निबंधात हॅमिंग यांचे नाव देऊन सात जागांचे उदाहरण छापले. ते पाहून मार्सेल गोले या शास्त्रज्ञाने १९४९ मध्ये आपली एक पुढची रचना प्रसिद्ध करून टाकली. हॅमिंग यांचा स्वतःचा निबंध बेल कंपनीच्या नियतकालिकात आला तो एप्रिल १९५० मध्ये. यामुळे श्रेय कोणाचे असा वाद पुढे काही लोकांनी घातला. शॅनन यांनी नाव छापून ठेवले नसते तर हॅमिंग यांच्यावर अन्याय झाला असता, हे उघड आहे.

यानंतरची कथा यंत्रांच्या स्मृतीची आहे आणि योगायोग असा की ती पुन्हा लॉस अ‍ॅलामोसलाच जाते. १९६१ मध्ये आयबीएम कंपनीने तेथील प्रयोगशाळेला स्ट्रेच नावाचा महासंगणक दिला. त्याच्या स्मृतीत माहितीच्या प्रत्येक ६४ बिटांबरोबर ८ तपासनीस बिट होते. सात तपासनीस चुकीची जागा सांगतात. आठवा यासाठी की दोन बिट एकदम पालटले तर निदान तेवढे कळावे. एक चूक दुरुस्त होते; दोन झाल्या तर यंत्र मुद्दाम थांबते, खोटे उत्तर देत नाही. हीच ६४ अधिक ८ ची रीत पुढे घराघरात नाही तरी कचेरी-कचेरीत गेली. १९७६ मध्ये सीमोर क्रे यांचा पहिला क्रे-१ संगणक चाचणीसाठी लॉस अ‍ॅलामोसलाच आला. त्याला स्मृतीतील चूक ओळखता येत होती, दुरुस्त करता येत नव्हती. सहा महिन्यांत १५२ वेळा चूक नोंदली गेली. मग पुढच्या क्रे यंत्रांत दुरुस्तीची सोय बसविण्यात आली.

इतक्या चुका कशाने होत होत्या? रिले गेले, धूळ गेली. तरी चूक राहिलीच. १९७८ मध्ये इंटेल कंपनीतील टिमोथी मे आणि मरे वूड्स यांनी दाखवून दिले की स्मृतीच्या चकत्या ज्या आवरणात बसवितात त्याच्यातील किरणोत्सारी द्रव्याच्या सूक्ष्म अंशातून अल्फा कण सुटतात आणि ते बिट पालटतात. पाठोपाठ अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांचाही यात हात असल्याचे लक्षात आले. लॉस अ‍ॅलामोस सुमारे ७,३०० फूट उंचीवर आहे. तेथे हवेचे आवरण विरळ, तेव्हा हा मारा अधिक. मे २००३ मध्ये बेल्जियममधील स्खारबेक येथे मतदानयंत्राने एका उमेदवाराला शक्य होती त्याहून ४,०९६ मते जास्त दाखविली. ४,०९६ म्हणजे दोनचा बारावा घात, अर्थात एकाच बिटाची किंमत. प्रोग्रॅममध्ये दोष सापडला नाही. स्मृतीतील एक बिट आपोआप पालटला असावा असा तज्ज्ञांचा निष्कर्ष निघाला. मते अशक्य इतकी होती म्हणून कळले तरी. शक्य कोटीतली असती तर?

परंतु प्रत्येक बिघाडाचा दोष आकाशाला देणेही बरोबर नाही. टोरांटो विद्यापीठाच्या बियांका श्रोडर आणि गूगलमधील दोघा संशोधकांनी गूगलच्या हजारो यंत्रांची पाहणी करून २००९ मध्ये जे छापले त्यानुसार वर्षभरात शंभरांतल्या आठाहून अधिक पट्ट्यांत चुका आढळल्या आणि बहुतेक चुका पट्टीच्या कायमच्या दोषामुळे होत्या. कायमचा दोष म्हणजे पुन्हा पुन्हा त्याच घरात चूक. आणि जी चूक जागा सोडीत नाही ती पकडता येते.

ज्यांचा संगणक वारंवार निळा पडदा दाखवून बंद पडतो त्यांनी याच मार्गाने जावे. मेमटेस्ट नावाचे प्रोग्रॅम मिळतात. ते स्मृतीच्या प्रत्येक घरात ठरावीक अंक लिहितात, परत वाचतात आणि जेथे वेगळे निघाले त्या घराचा पत्ता सांगतात. तपासणी रात्रभर चालू द्यावी. तत्पूर्वी स्मृतीचा वेग कोणी नेहमीपेक्षा वाढवून ठेवला असेल तर तो मूळच्या मापावर आणावा. पुष्कळ तक्रारी तेवढ्यानेच मिटतात. चूक दिसली तर वीज पूर्ण तोडून, अंगावरची स्थिर वीज जावी म्हणून धातूच्या पेटीला हात लावून, पट्ट्या काढाव्यात, त्यांच्या सोनेरी कडा स्वच्छ पुसाव्यात व घट्ट बसवाव्यात. तरीही चूक येत असेल तर एका वेळी एकच पट्टी ठेवून तपासावे. पट्टी दुसऱ्या खाचेत बसवल्यावर चूक तिच्याबरोबर गेली तर पट्टी खराब. चूक जुन्या खाचेतच राहिली तर खाच किंवा मुख्य पाटी खराब. हे न करता दुकानदाराने सरळ विंडोज नव्याने टाकून दिले तर आठ दिवसांत पुन्हा तेच होते, आणि वर मुलांच्या फायली जातात त्या वेगळ्याच.

बाजारात चूक दुरुस्त करणाऱ्या पट्ट्या ईसीसी या नावाने मिळतात. साध्या पट्टीवर जेथे आठ चकत्या, तेथे त्यांच्यावर बहुधा नववी दिसते. हे हॅमिंग यांचे तपासनीस. मात्र त्या घ्यायच्या तर संगणकाची मुख्य पाटी आणि प्रोसेसर त्यांना मानणारे असावे लागतात. घरगुती संगणकांत सहसा ही सोय नसते. डीडीआर-५ या नव्या जातीच्या स्मृतीत चकतीच्या आत थोडी दुरुस्ती होते, पण चकतीपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर तिचे संरक्षण नाही. घरी सिनेमा पाहण्यासाठी एवढ्या खर्चाची गरज नाही. ज्या यंत्रावर शेकडो मुलांचे गुण किंवा संस्थेचा जमाखर्च राहतो तेथे मात्र तो खर्च मी वायफळ मानणार नाही.

हॅमिंग यांनी या एका शोधावर आयुष्य काढले नाही. बेल प्रयोगशाळेने त्यांना हवे तितके प्रोग्रॅम लिहिणारे लोक दिले नाहीत. तेव्हा माणसे नाहीत तर यंत्रानेच प्रोग्रॅम लिहिण्याचे कष्ट का उचलू नयेत, असा विचार करून ते त्या कामाला लागले. १९५६ च्या सुमारास आयबीएम ६५० या यंत्रासाठी ज्या सोप्या भाषा बेलमध्ये तयार झाल्या त्यांत त्यांचा हात होता. ज्या अडचणीला इतर लोक कपाळ बडवून घेतात तिच्यातच प्रश्न शोधण्याची त्यांची ही सवय होती. १९५८ ते १९६० या काळात ते अमेरिकेतील संगणकतज्ज्ञांच्या एसीएम या संस्थेचे अध्यक्ष होते. १९६२ मध्ये त्यांचे सांख्यिक पद्धतींवरील पुस्तक निघाले आणि १९६८ मध्ये संगणकशास्त्रातील सर्वोच्च समजला जाणारा ट्युरिंग पुरस्कार त्यांना मिळाला.

स्वभाव मात्र मऊ नव्हता. दुपारच्या जेवणाला ते रसायनशास्त्रज्ञांच्या टेबलावर जाऊन बसत आणि विचारीत की तुमच्या शास्त्रातले महत्त्वाचे प्रश्न कोणते. काही दिवसांनी विचारीत की तुम्ही स्वतः कोणत्या प्रश्नावर काम करता. आणि तिसऱ्या खेपेला, जर तुमचे काम महत्त्वाचे नसेल तर ते करता कशासाठी? साहजिकच त्यांचे तेथे स्वागत होईनासे झाले. एकाने मात्र उन्हाळाभर त्या प्रश्नाचा विचार केला आणि पुढे तो आपल्या क्षेत्रात नावारूपाला आला, असे हॅमिंग सांगत. दार बंद करून बसणाऱ्याचे आजचे काम जास्त होते, पण दार उघडे ठेवणाऱ्याला कोणते काम करावे हे कळते, असेही त्यांचे निरीक्षण होते.

१९७६ मध्ये, एकसष्टाव्या वर्षी, त्यांनी बेल प्रयोगशाळा सोडली. वय झालेल्या माणसाने खुर्ची अडवून तरुणांची वाट रोखू नये असे त्यांचे मत होते आणि ते त्यांनी स्वतःला लागू केले. कॅलिफोर्नियातील माँटेरे येथील नौदलाच्या पदव्युत्तर विद्यालयात ते शिकवू लागले आणि एकवीस वर्षे शिकवीत राहिले. विद्युत-अभियंत्यांच्या आयईईई या संस्थेने त्यांच्या नावाने पदक ठेवले आणि १९८८ मध्ये ते पहिल्यांदा दिले, तेही त्यांनाच.

माँटेरेच्या विद्यार्थ्यांना त्यांनी जो अखेरचा अभ्यासक्रम शिकविला त्याचा विषय होता शिकावे कसे. ती व्याख्याने १९९७ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. त्यात एक प्रकरण चूक दुरुस्त करणाऱ्या संकेतांवर आहे आणि त्या दोन फुकट गेलेल्या शनिवार-रविवारांची हकीकत त्यांनी तेथे स्वतः सांगितली आहे. डिसेंबर १९९७ मध्ये त्यांनी वर्गावर शेवटचे व्याख्यान दिले. त्यानंतर काही आठवड्यांतच, ७ जानेवारी १९९८ रोजी, हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले.